लाल पुड्या आणि अप्पांची गाठ

१४ जुलै, सोमवार

अप्पांच्या मानेतली गाठ कापून काढली, पंधरा दिवस वाट पाहिली, आणि रिपोर्टात काय — 'निष्कर्ष काढता येत नाही'! नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला, अप्पांचा सुजलेला चेहरा निरखला. "काका, स्टेरॉइड कोण देतंय तुम्हाला?"

माझे वडील जन्मभर डाळीच्या आडतीवर घसा फोडून बोलले. तिथे मात्र बंडीची गुंडी चाळवत बसले. धाकटा भाऊ संगमेश फरशीकडे बघत.

परतताना लोहा गाव मागे पडल्यावर गाडीत त्याने कबूल केलं. उदगीरकडच्या कुण्या वैद्याच्या लाल पुड्या. फेब्रुवारीपासून. "गाठ उतरली व्हती की अक्का."

स्टेरॉइडने उतरणारच. गाढव कुठला.

१५ जुलै

क्लासला नेमका हाच धडा. सव्वाशे पोरं, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी, आणि फळ्यापुढे मी. बी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आपल्या मनाने वाढत नाहीत. शेजारच्या पेशी प्रथिनं सोडतात, तो हुकूम असतो — वाढ, मरू नको, अजून वाढ. आजार सरला की हुकूम थांबायला हवा. नाही थांबला तर पेशी वाढतच राहतात, गाठी होतात. काही तर पुढे हुकमाशिवायच वाढायला लागतात, तो कॅन्सर.

"मॅडम, हुकूम बंद करता येतो?" एका मुलीने विचारलं.

येतो. पण आधी कोणती पेशी, कुणाचा हुकूम, ते कळावं लागतं. अप्पांना कॅन्सर आहे की नुसता हुकूम अडकलाय? दोन्हींची औषधं वेगळी. स्टेरॉइडने पुष्कळशा पेशी मारल्या, गाठ बसली, रोग आतच. ज्यातून निदान व्हायचं तेच माझ्या भावाने पुसून टाकलं! आता स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं, गाठ पुन्हा वाढू द्यायची, पुन्हा कापायची. तोवर नुसतं बघत बसायचं.

२० जुलै

संगमेशशी बोलणं बंद.

२ ऑगस्ट

गाठ लिंबाएवढी. रोज संध्याकाळी ताप. अप्पांची बंडी अंगावर लोंबते.

आज माझा तोल गेला. सगळ्यांदेखत संगमेशला म्हटलं, अप्पांचं काही बरंवाईट झालं तर मातीला येऊ नकोस. तो ताटावरून उठून गेला. आई म्हणाली, "गप की गं अंबिका. तुला काय बी म्हाईत न्हाई."

मुलाचीच बाजू घेणार ती. नेहमीचंच. जीवशास्त्र मी शिकवते, आणि माहीत मला नाही!

११ ऑगस्ट

दुसऱ्यांदा गाठ काढली. अप्पा गळ्यातलं इष्टलिंग उतरवायला तयार होईनात. शेवटी सिस्टरने ते त्यांच्या मुठीत देऊन वरून पट्टी बांधली. रिपोर्ट दहा दिवसांनी. नुसता हुकूमच निघू दे. एवढंच मागते.

१२ ऑगस्ट

सकाळी अप्पांनी जवळ बसवून घेतलं. "पोराला बोलू नको. पुड्या म्याच मागिवल्या. शपथ घातली व्हती त्याला. तुला बघायला पाहुणे यायलेत, बापाच्या मानेला आसली गाठ बघून कोण सोयरीक करंल? तुझं ठरूस्तोवर घ्याव्या म्हणलं."

फेब्रुवारीपासून मी तिघांना नकार दिला.