माणसाचं भ्या

आप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा मी इथेच कुवेतला होतो आणि तिकीट मिळालं नाही म्हणून कळवलं होतं, ते खरं होतं. सोळा वर्षांनी हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलंत तर त्यावरचाही तुमचा विश्वास उडेल.

मी आता इथल्याच वफ्रा गावाकडच्या एका खाजगी फार्मवर जनावरं सांभाळतो. राहतो महबूलाला, तिथून रोज सकाळी व्हॅन नेते. इथे ऑरिक्स आहेत, म्हणजे पांढऱ्या अंगाची, तांबूस मानेची, पाठीकडे वळलेल्या लांब शिंगांची मोठी हरणं. आफ्रिकेतल्या चाड देशाच्या वाळवंटात ती कळपांनी असायची, शिकारीत सगळी संपली. आता तिथल्या एका अभयारण्यात ती पुन्हा सोडतात. आपला सगळा मराठवाडा मावेल एवढं ते अभयारण्य, आणि त्याला कुठेही कुंपण नाही. आमच्या मालकानेही बारा जनावरं तिकडे द्यायची ठरवली, तेव्हा मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑरिक्सबरोबरचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'आप्पांचं काम पुढे नेतोय.' किती लोकांनी हात जोडले म्हणून सांगू!

तुमचं काम काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तुम्ही काळविटांच्या अभयारण्याचे वनरक्षक, आणि चौथीत असताना मी पाडस घरी आणलं. त्याच्या आईला कुत्र्यांनी फाडलं होतं. आपल्या आईने चुलीपाशी बसून त्याला शेळीचं दूध पाजलं. गवत खायला लागलं की सोडा, असं तुम्ही दोनदा बजावलंत, आम्ही ऐकलं नाही. ते माझ्यामागे शाळेपर्यंत यायला लागलं. मग एके दिवशी तुम्ही चौकीवरून आलात, सायकल भिंतीला टेकवली आणि मला आणि पाडसाला माळावर नेलंत. माझ्या हातात ढेकूळ दिलंत. "मार. अंगावर नगं, पायापाशी मार." मी रडतोय, पाडस फिरून फिरून माझ्याकडेच येतंय, आणि तुम्ही पुढचं ढेकूळ हातात देताय. "त्याला माणसाचं भ्या बसू दे. दुसरं काय हाय त्याच्याजवळ?" पाच-सहा दिवस हे चाललं. शेवटी ते मला बघून पळालं. मी तुम्हाला कित्येक वर्षं मनात निर्दयी म्हणत राहिलो, आणि लग्नानंतर एकदा तोंडावरही म्हणालो. तुम्ही जेवत होतात. भाकरी संपवलीत आणि उठलात.

इथेही नियम तोच, फक्त लेखी आहे. आईने टाकलेल्या पिल्लाला आडोशामागून बाटली द्यायची, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. तीन वर्षांपूर्वी अशी दोन पिल्लं आली, एक नर आणि एक मादी. चार दिवस मी नियम पाळला. मग आडोसा बाजूला सारून आत बसू लागलो. घरी पोरं माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देतात, तेही मोबाइलमधून मान वर न करता. ही दोघं 'या रे राजा' म्हटलं की धावत यायची, आणि नर माझ्या काखेत नाक खुपसायचा. मला बरं वाटायचं. एवढंच कारण आहे आप्पा, याहून मोठं शोधलं, पण सापडलं नाही.

पाठवायच्या वेळी फॉर्म आला. प्रत्येक जनावरापुढे प्रश्न होता: हाताने वाढवलेलं आहे का? आमच्या इजिप्शियन डॉक्टरने पेन माझ्याकडे दिलं. म्हणाला, "तूच लिही, तुला जास्त माहीत." मी बारा वेळा 'नाही' लिहिलं. खरं लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. आणि ती दोघं इथेच राहिली असती, मग माझ्या फोटोखालच्या ओळीचं काय झालं असतं? लाज वाटते सांगायला, पण तेव्हा हे दुसरंच जास्त वाटलं होतं.

परवा चाडच्या रेंजरचा व्हॉइस मेसेज आला. अरबीत बोलतो, मला समजतं. त्या दोघांतल्या नराला मारलं. मोटरसायकलवरून कोणी आले होते, वाळूत चाकांच्या खुणा दिसतात. बाकीचा कळप लांब पळालेला, एकट्या त्याच्या खुरांचे ठसे त्या चाकांकडे गेलेले. "चालत गेलाय, भाऊ," तो म्हणतो. "याला कोणी हाताने वाढवलं होतं का? त्याच्याबरोबरची मादी पाय दुखावल्यामुळे अजून आमच्या आवारात आहे. गुरुवारी सोडायची आहे, म्हणून विचारतो."

त्या माणसांकडे बघून त्याने मान कशी पुढे केली असेल, ते मला कोणी सांगायला नको. मी रेंजरला उत्तर पाठवलं, 'माहीत नाही.' करून सवरून नामानिराळा. तुमच्या हातात तेव्हा ढेकूळ असतं तर तुम्ही ते पायापाशी मारलं नसतं.

आज बुधवार आहे. खरं सांगायचं तर हे सगळं मी त्या रेंजरला लिहायला बसलो होतो. वर 'आप्पा' लिहिलं, कारण त्या मादीचं काय करू, असं तुम्ही मला विचारणार नाही.