देव बसल्यावर पुन्हा उचलायचं

बाबा, हे पत्र मी किती टाळलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुम्ही मला ओळखता. गणपतीत लिहायला बसले होते, तेवढ्यात शेजारच्या मखराचे दिवे विझले म्हणून बघायला गेले ती आरतीलाच थांबले. दिवाळीत कागद काढला, तर त्यावर आईने चकल्या निथळत घातल्या. आज मात्र बसलेय. पडवीत, तुमच्या खांबाला टेकून. ऊन उतरलंय, पलीकडच्या बागेत मोहोरावर फवारणी चाललीय, तिचा वास येतोय, आणि आज मला सांगायचंय ते ज्याला नीट कळेल असा माणूस तुमच्याशिवाय आठवत नाही.

मी विमान जोडलं, बाबा. पुरतं, शेवटच्या स्क्रूपर्यंत. माणसं बसतात ते नव्हे, रिमोटवर उडतं ते. पण काका म्हणतो तसं खेळणं म्हणू नका. दोन्ही पंख लावले की ते आपल्या पडवीच्या दारातून बाहेर निघत नाही. पेट्रोलवर चालतं, वखारीतली यांत्रिक करवत ओरडायची तसं ओरडतं. हवेत उलटं होतं, कोलांट्या घेतं, शेपटीवर उभं राहतं. आणि आतून सगळं लाकूड. तुम्ही ते लाकूड हातात घेतलं असतंत तर वखारवाल्याने फसवलं म्हणाला असतात, इतकं हलकं. नख लागलं तरी खळगा पडतो. त्यावर रंगीत कागदासारखं प्लास्टिक ताणून बसवलेलं असतं, आपल्या दमट हवेत त्याला सुरकुत्या पडतात, मग इस्त्री फिरवायची. आई म्हणते, स्वतःच्या ड्रेसला कधी इस्त्री केली नाहीस, ती या धुडाला करतेस.

मी यात कशी पडले ते थोडक्यात सांगते. थोडक्यात मला जमत नाही, तरी. कॉलेज पहिल्या वर्षालाच सुटलं. मग मुरुडच्या किनाऱ्यावर बोटीमागे पॅराशूट उडवतात तिथे दोऱ्या तपासायच्या कामाला होते, पर्यटकांना पट्टे बांधायचे आणि घाबरू नका म्हणायचं. मग अलोऱ्याला मावशीकडे, तिथल्या कॉलनीत पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली. मग तेही सोडलं. तुमचं वाक्य कानात असायचंच: "हातातलं खाली ठेवून दुसरं उचलतेस गो तू." खरंच होतं ते. एकदा आरे-वारेच्या रस्त्याने स्कूटरवरून येत होते, वर सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, काहीतरी घोंगावताना दिसलं, म्हणून स्कूटर तिथेच लावून चढले. वर एक म्हातारे गृहस्थ कातळावर खुर्ची टाकून लहानसं विमान उडवत होते. जन्मभर जहाजावर नोकरी केलेले, सगळे त्यांना कप्तान म्हणतात. मला म्हणाले, "सावलीतून बाजूला हो, मला दिसत नाही." तेवढीच ओळख. मग मी रोज जायला लागले. त्यांनीच मला लहान विमानांवर उडवायला शिकवलं. दोन-चार मी कातळावर आपटलीसुद्धा, आणि दर वेळी ते एवढंच म्हणायचे, "वेचून आण. बघू कुठे चुकलं."

मोठ्या विमानाची खोकी त्यांच्या माडीवर बांधलेलीच पडून होती. नोकरी सुटल्यावर जोडू म्हणून आणलेलं, तोवर हात थरथरायला लागले आणि डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एके दिवशी म्हणाले, "तू जोड. पण अर्धवट टाकणार असशील तर खोकी उघडूच नको. अर्धवट विमान मला घरात बघवणार नाही." त्यांच्या बायकोने चहा ठेवताना हळूच सांगितलं की ते रोज एकदा माडीवर जाऊन त्या खोक्यांवरची धूळ पुसतात. तेव्हा मला भीती वाटली. ते विमान आपटलं तर त्यांच्या आयुष्यात दुसरं येणार नव्हतं. आणि मी तर काहीच शेवटाला न नेणारी म्हणून गावभर प्रसिद्ध.

पण जोडलं. कसं ते सगळं लिहीत बसले तर रात्र होईल. पंखांच्या बिजागऱ्या चिकटवताना श्वास धरून बसायचे, कारण डिंक आत गेला तर पंखाची मागची फळी हलायची थांबते. इंजिनाच्या चार बोल्टना न सुटणारा डिंक लावला, सुकाणूच्या दोन्ही तारा सारख्या ताणल्या. अर्ध्यात उठून गेले नाही असं नाही. मध्येच एकदा शेजारच्या विहिरीत मांजर पडलं होतं तिकडे धावले, तिथून थेट पोहायलाच गेले. पण परत आले, बाबा. दर वेळी परत आले.

मग तोलायची वेळ आली. विमान तोललेलं नसेल तर बाकी सगळं नीट असून उपयोग नाही. नाक जड असेल तर ते नुसतं जडावल्यासारखं उडतं, निभतं. शेपूट जड असेल तर ते हातात राहतच नाही, मान वर करून उलटतं. टाकी रिकामी ठेवायची, पंखांतून आरपार जाणारी नळी असते तिथे उचलायचं आणि बघायचं, आडवं राहतं का. कप्तानांकडचा स्टँड एवढ्या धुडाला पुरेना. ते म्हणाले, मुंबईहून मागवू. मी म्हटलं, कशाला, मला माहीत आहे कसं करायचं. अंगणात आंब्याच्या आडव्या फांदीला दोरी टाकली, दोन फास केले, नळीत अडकवले आणि सोडलं.

तुम्ही पालखीला करायचात तसंच. शिमग्याच्या आधी सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, तुम्ही दांड्याच्या मधोमध फास घालून पालखी टांगायचात, दोन बोटं खाली धरून वाट बघायचात. कुठल्या अंगाला ओढते ते बघून आतल्या गाद्या सरकवायचात. मग देवाची रुपं, ते चांदीचे मुखवटे, आत बसायची, साड्या नेसवायच्या, हार पडायचे, आणि सगळे ढोलाकडे बघायला लागले की तुम्ही म्हणायचात, "थांबा. देव बसल्यावर परत उचलायची." मानाचे गावकर वैतागायचे. तुम्ही हसायचात, "भक्तीला वजन असतं." एकदा दोरीचं टोक माझ्या हातात दिलं होतंत आणि मी निशाण बघायला पळाले. घरी आल्यावर ओरडला नाहीत. जेवताना म्हणालात, "दोरी सोडलीस तेव्हा खाली माणूस होता." इतकंच. ते वाक्य मी मुरुडला रोज म्हणत होते, पॅराशूटची गाठ बांधताना.

तर विमान तोललं. बॅटरी पुढे सरकवत नेली तेव्हा ते फांदीखाली असं आडवं झालं की आई पदराला हात पुसत बघत राहिली. एक पंख किंचित खाली जात होता, त्याच्या उलट्या टोकाला मासे धरायच्या जाळ्याच्या शिशाचा तुकडा कापून चिकटवला. कप्तान खुर्चीत बसून सगळं बघत होते. म्हणाले, "हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "आमच्या बाबांनी." ते म्हणाले, "ते विमानं उडवायचे?" मी म्हटलं, "पालखी."

आज सकाळी सड्यावर नेलं. लांबट जीपमध्ये चादरी घालून, पंख वेगळे, धड वेगळं. वाटलं होतं मी, आई, कप्तान आणि जीपवाला एवढेच असू, तर वाडीतली निम्मी माणसं आधीच कातळावर येऊन बसलेली. कोणीतरी मला विचारलं, "पडलं तर आमच्या गुरांवर नाय ना पडणार गो?" पंख जोडले, वाऱ्याकडे तोंड केलं. कप्तान म्हणाले, "चल, इंजिन लाव. वारा वाढतोय." मी म्हटलं, एकदा उचलून बघते. ते म्हणाले, "अगं कालच तोललंय ना! बॅटरी जागेवर आहे, टाकी अजून भरलेली नाही. आणखी काय बघायचंय?" मलाही काय बघायचंय ते माहीत नव्हतं. हात आपोआप गेले. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने जीपवाल्याने, नळीखाली दोन-दोन बोटं, आणि उचललं.

शेपूट खाली गेलं. थोडंथोडकं नाही, सरळ बसलं.

कप्तानांचा चेहरा उतरला. मी काचेचं झाकण काढलं, बॅटरी तपासली, ती जागची हलली नव्हती. टॉर्च लावून धडात पार मागे बघितलं, तर सुकाणूच्या तारांच्या मध्ये लाल पुरचुंडी. हात खांद्यापर्यंत घालून बाहेर काढली. त्यात सुपारी, नाणं, तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि देवीचा अंगारा. मी आईकडे बघितलं. आई कातळाकडे बघायला लागली.

"पुढेच ठेवलीवती गो मी," ती म्हणाली. "एवढी माणसं बघणार, नजर नाय लागायची?" पुढेच ठेवली असणार, पण उभं असताना विमानाचं शेपूट खाली असतं, आणि आपला रस्ता तुम्हाला माहीत आहे. ती घरंगळत मागे गेली. तार अडकली असती तर वर गेल्यावर सुकाणू फिरलंच नसतं. कप्तान इतके रागावले की इंग्रजीत बोलायला लागले. मग मराठीत, "फेकून दे ती!" आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा मला ती बाई आठवली, बाबा. पालखी निघायच्या वेळी नवसाचे नारळ घेऊन आलेली, मागच्या बाजूला बांधून मोकळी झालेली. तुम्ही परत उचललीत तर पालखी मागे ओढत होती. भोवतीचे म्हणाले, काढा ते नारळ. तिचा चेहरा बघून तुम्ही म्हणालात, "काढायचे कशाला? जागा बदलू." आणि बरोबर दांड्याच्या मधोमध, पालखीच्या पोटाखाली बांधलेत. तिथे वजन असून नसल्यासारखं.

मी पुरचुंडी नळीवरच बांधली. पट्टीने घट्ट, हलणार नाही अशी, बरोबर तोलाच्या जागी. पुन्हा उचललं. आडवं. दोन बोटांवर, वाऱ्यातसुद्धा आडवं. कप्तान वाकून बघत राहिले. मग आईला म्हणाले, "वहिनी, बसू दे देवीला. आता ती योग्य सीटवर आहे." आई पदरात तोंड घालून हसली. मग टाकी भरली.

उडवलं मीच. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि माझ्या मागे उभे राहिले. गवत काढलेल्या पट्टीवर ते थोडंसं धावलं आणि जमिनीवरून असं सुटलं की जड आहे असं वाटेचना. वर नेलं, समुद्राच्या बाजूला वळवलं. कप्तान म्हणाले, "उलटं कर." उलटं केल्यावर तोल खरा की खोटा ते कळतं. उलटं केलं, रिमोटच्या काठीवरचं बोट सैल सोडलं, आणि ते पोट आभाळाकडे करून सरळ चालत राहिलं. नाक जरासं झुकलं, झुकायला हवं तेवढंच. मागून कप्तानांचा आवाज आला, "बघ, बघ, बघ." तीनदा. मागे वळून बघायची सोय नव्हती. कोलांटी घेतली, शेपटीवर उभं केलं, वाडीतली माणसं ओरडायला लागली. उतरवलं तेव्हा चाकं कातळाला लागल्याचा आवाजही नीट आला नाही.

मला अभिमान वाटतोय, बाबा. लाजत नाही सांगायला. दोरी सोडली नाही मी. कप्तानांनी घरी जाऊन खोकी जाळायला काढली, म्हणाले, आता लागणार नाहीत.

पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्न नाहीच. आढ्याला तुमची ती सुताची दोरी अजून टांगलेली असेल म्हणून तिथे खोचून ठेवावं असं वाटलं होतं, पण दोरी काकाकडे आहे. तुमच्यानंतर पालखी तोच बांधतो, आणि गेल्या शिमग्याला नाचवताना पालखी मागे ओढली, खालचा माणूस गुडघ्यावर आला, तेव्हापासून तो कोणाशी धड बोलत नाही. मी त्याला म्हटलं होतं, देव बसल्यावर परत उचलली होतीस का? तर म्हणाला, "खेळणी उडव जा." त्यानंतर त्याने आपल्या दारात पाऊल टाकलेलं नाही. आता एक कबूल करते. विमान वर असताना नजर हलवायची नसते. मी हलवली. क्षणभर. गर्दीत मी काकाला शोधत होते. तो आला नव्हता.

अंगणाच्या फाटकाचा, बेड्याचा आवाज झाला. आई आतून विचारतेय कोण गो. काका आलाय. अंगणात आंब्याच्या त्या फांदीखाली उभा राहून वर बघतोय. हातात तुमची दोरी आहे.