खाकरणं बंद

रवि. ९ नोव्हें.
आज चर्चमध्ये शांत मनन संपता संपेना. एरवी पाळकसाहेबांचं वचन झालं की सगळे डोळे मिटतात. मग केव्हातरी हे दोनदा खाकरतात आणि गाणं उचलतात. मागोमाग ढोलकी, टाळ्या, सगळी मंडळी उभी. कुणी ठरवलेलं नाही, पण आमच्या शिरूरच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं असंच.
आता ह्यांना बोलायची बंदी. दौंडच्या डॉक्टरांनी घशातली गाठ काढली, तपासायला पुण्याला पाठवली. म्हणाले, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि खाकरायचं तर मुळीच नाही.
सगळे डोळे मिटून ह्यांचीच वाट बघत बसले. शेवटी पा.साहेबांनी आशीर्वाद देऊन उपासना आटोपली. गाण्याविना!
बाहेर फुलवाल्या मार्थाबाईंनी मला गाठलं. "आवं बाई, आबा खाकारलं न्हाईत तर आमी उठायचं कवा?"

बुध. १२
लग्न झाल्यापासून म्हणत आले, जरा गप्प बसा हो. आता बसलेत तर घर खायला उठतं.
पाटीवर लिहून बोलतात. सकाळी लिहिलं, 'चहात साखर नाही.' म्हटलं, विसरले. लगेच खाली, 'कालही.' म्हणजे तोंड बंद आणि तोंडाळपणा चालूच.
रिपोर्टचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. मुलगा रांजणगावहून शिफ्ट सुटली की फोन करतो. 'अजून नाही रे,' म्हणते आणि त्याच्या डब्याचं विचारते.

रवि. १६
आज काय हसले! पा.साहेबांना सर्दी. मनन नुकतं सुरू झालं आणि त्यांनाच खोकला आला. झालं. ढोलकी कडाडली, अख्खी मंडळी ताडकन उभी. पा.साहेब डोळे उघडून बघतच राहिले. गाणं मात्र कुणी उचलेना. ढोलकी एकटीच थोडी वाजली आणि ओशाळून थांबली.
पलीकडे पुरुषांच्या बाजूला ह्यांचे खांदे गदगदा हलत होते. आवाज नाही, नुसतं हसू. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मी पदर तोंडात कोंबला. हसता हसता रडूच आलं.
नंतर पा.साहेब मला म्हणाले, "पुढच्या रविवारी तुम्हीच उचला."
मी? माझा सूर म्हणजे कंपनीचा भोंगा. ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. वाईट वाटलं असेल का? त्यांची जागा ती.

शनि. २२
स्वयंपाकघरात प्रॅक्टिस. हे पाटावर बसून हाताने दाखवतात, वर, खाली, अजून खाली. मग कानांवर हात. मी चिडले. "मग तुम्हीच म्हणा ना!"
निघून गेलं तोंडातून.
त्यांनी पाटी ओढून घेतली. मग लिहिलं, 'आवाज आलाच नाही तर?'
इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं. मी पाटी उलटी करून ठेवली. म्हटलं, भाजी करपतेय. करपत नव्हती.
दुपारी दौंडहून फोन, रिपोर्ट सोमवारी. मुलाला कळवलं.

रवि. २३
आज हे पुरुषांची बाजू सोडून सरळ माझ्याशेजारी येऊन बसले. चर्चमध्ये असे शेजारी बसलो ते फक्त लग्नाच्या दिवशी. मार्थाबाई सरकून बसल्या आणि गालात हसल्या.
मननात काही मागताही येईना. नुसतं उद्या, उद्या. उद्याचं माहीत नाही आणि आज स्तुती कशी करायची, प्रभू? भीती वाटत होती, खरंच सांगते.
तेवढ्यात ह्यांनी माझा हात दाबला. पुन्हा एकदा दाबला. जसे दोनदा खाकरतात तसा.
उचललं मी. इतकं वर उचललं की दुसऱ्या ओळीलाच मंडळीला धाप लागली. मार्थाबाईंनी साथ दिली, ढोलकी आली, सगळे उठले. ह्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायल्यासारखं तोंड केलं आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवायला लागले. मी थांबले नाही. शेवटपर्यंत म्हटलं. भीती होतीच, पण गाणंही होतं.

संध्याकाळी पाटी पुढे केली. 'पुढच्या रविवारी दोन सूर खाली.'
उद्या पहिल्या एसटीने दौंड. पाटी पिशवीत ठेवलीय. पुसली नाही.