तिघींचा हात लागल्याशिवाय

खानापूर, ४ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांना पूर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर दोन वाक्यांतच तुमच्यातले काका जाऊन जुने क्रीडाशिक्षक बोलायला लागतात, म्हणून पत्रच लिहिते. शाळेने मुलींचा बास्केटबॉल संघ माझ्याकडे दिलाय. रांगेत ड्रिबल छान करतात, पण पाच-पाच जणी खेळायला उतरल्या की चेंडू सगळा चिन्मयीकडे. आरोही नावाची एक अबोल मुलगी आहे, ती नुसतीच धावते. म्हणून आता अर्ध्या मैदानात तीनविरुद्ध तीन खेळवते. नियम एकच, तिघींचा हात लागल्याशिवाय बास्केट मोजायची नाही. काल आरोहीने पहिल्यांदा ओरडून चेंडू मागितला. मला भरून आलं. महिनाअखेरीस बेळगावला आमचा पहिला सामना आहे.

काकूंना नमस्कार. थोडा लोभ निपाणीहून वाढवून पाठवा.

पूर्णिमा

निपाणी, ९ नोव्हेंबर

चि. पूर्णिमास अनेक आशीर्वाद.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तू तर अंगणच अर्धं केलंस. आम्ही रांगा लावूनच संघ घडवले. खेळ म्हणजे मधली सुट्टी नव्हे. बेळगावच्या सामन्यात काय होतं ते कळव. काकू म्हणते, पोरीला लई बोलू नका. म्हणून थांबतो.

आहे ती माया आहेच.

आप्पा

खानापूर, २ डिसेंबर

ती. आप्पांना सा. न.

हरलो, तेही एका गुणाने. शेवटच्या क्षणी चिन्मयी बास्केटखाली एकटी होती. चेंडू हातात, समोर कुणी नाही. तिने तो लांब उभ्या आरोहीकडे टाकला आणि शिट्टी वाजली. विचारलं तर म्हणाली, की टीचर, तिसरा हात लागला न्हवता की. माझाच नियम माझ्या अंगावर आला. पालक चिडलेत, हेडमास्तर म्हणतात जानेवारीपासून संघ दुसऱ्याकडे देऊ. बाकीच्या मुली यायच्या बंद झाल्या. पाचजणी मात्र रोज येऊन उभ्या राहतात, त्यात आरोही सगळ्यांत आधी. सहावी नसल्याने तीन-तीनचा डावही होत नाही. आप्पा, मी आपणहूनच संघ सोडू का? खरं सांगा, मला सोडवत नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
पूर्णिमा

निपाणी, ५ डिसेंबर

चि. पूर्णिमास आशीर्वाद.

पत्र काकूला वाचून दाखवलं. तिने विचारलं, मग चूक कुणाची? मी म्हणालो, पोरींची न्हाय. नियम सरावापुरता असतो, हे त्यांना सांगायचं तुझं राहून गेलं, एवढंच. आता एक डाव नियमाने खेळव, एक नियमाशिवाय. मोकळी असशील तर टाक, हेही त्यांना खेळूनच कळू दे. संघ मात्र सोडायचा नाही. हरल्यावर पाच पोरी आपणहून मैदानावर येतात, हे मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. हेडमास्तरांशी मी बोलतो.

शनिवारी सकाळच्या बसने येतोय. गुडघ्यामुळे धावणं जमणार नाही, पण बास्केटखाली उभा राहीन. मला आरोहीच्या बाजूने घे.

तुझा सहावा गडी,
आप्पा