मागचं फाटक

दि. ९ मार्च

प्रिय ताईस,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. तुमची खुशाली विचारत नाही, कारण तुम्ही मजेत आहात हे मला पक्कं ठाऊक आहे. कसं, ते पुढे येईलच.

आधी बातमी. हॉटेल बंद पडलं तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, "आता तरी एखादी बसून करायची नोकरी बघ." नाही बघितली. हॉटेलचा पोहण्याचा तलाव इतकी वर्षं सांभाळला, तेच काम आता लोकांच्या बंगल्यांवर जाऊन करते. धंदा माझा, मालकीण मी, आणि पाण्यातली पानं काढायलाही मीच.

लोकांची मात्र कमाल आहे! मी जाळी, ब्रश, नळ्या खांद्यावर टाकून दारात उभी, आणि बाई विचारतात, "तुमचे साहेब कधी येणार?" मी म्हणते, "आलेत." तर त्या माझ्या मागे बघतात. एकीने तर "नवऱ्याला मदत करतेस वाटतं, छान" म्हणून पाठ थोपटली. मला नवरा नाही हे ऐकल्यावर तिचं तोंड असं झालं, जणू मीच तिच्या तलावात काहीतरी सांडलंय.

पहिल्याच गिऱ्हाइकाकडे मी माती खाल्ली, तेही सांगून टाकते. झुबकेदार मिशांचे एक निवृत्त गृहस्थ. मनातल्या मनात मी त्यांना मिशीसाहेब म्हणते. त्यांचा तलाव शेवाळाने हिरवागार. मी हॉटेलच्या सवयीने क्लोरीनचा दणका दिला. हॉटेलात नळाचं पाणी होतं, यांनी तलाव भरला होता बोअरच्या पाण्याने, आणि त्यात लोह. बघता बघता अख्ख्या तलावाचा चहा झाला! मिशीसाहेब काठावर उभे राहून म्हणाले, "दूध केव्हा घालणार?" पाणी कुठलं ते आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. ते निवळेपर्यंत रोज गेले, फिल्टर धूत बसले, बोलणी खाल्ली. पण त्यांनी मला हाकललं नाही. उलट शेजाऱ्यांना सांगितलं, "चुकते, पण पळून जात नाही."

तो परका माणूस, ताई. आणि तू?

तुझ्या अंगणात एवढा तलाव, सख्खी बहीण याच धंद्यात, आणि तू काम दिलंस बड्या कंपनीला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तरी मी मनाची समजूत घातली की भाऊजींनी परस्पर ठरवलं असेल, तुला विचारलंही नसेल. तुझी बाजू घ्यायची मला लहानपणापासूनची खोड आहे.

मग मंगळवार आला. मंगळवारचं लिहायचंच नव्हतं मला. नुसती खुशाली लिहून पत्र संपवायचं ठरवलं होतं, पण हात ऐकत नाही.

त्या कंपनीला माणसं कमी पडली की ते माझ्यासारख्या नव्या लोकांकडे कामं देतात. मंगळवारी पत्ता आला तो तुझा. मला हसूच आलं. म्हटलं, ताईची गंमत करू. कंपनीची टोपी घालून मागच्या फाटकाने आत आले. तू व्हरांड्यात दोन मैत्रिणींबरोबर चहा घेत होतीस. मी हात हलवणार, एवढ्यात त्यातली एक म्हणाली, "ही नवीन दिसते गं."

तू माझ्याकडे बघितलंस. नीट बघितलंस, डोळ्यांवर ऊन येत होतं वगैरे सांगू नकोस. आणि म्हणालीस, "हो, कंपनीने पाठवलीय." वर मला, "जाताना मागचं फाटक ओढून घ्या हं."

ओढून घ्या! मला! माझ्या वेण्या घालणारी तू. हनुवटीखाली हात धरून मला विहिरीत पोहायला शिकवलंस, पाण्याची भीती काढलीस, ती तूच ना? त्याच पाण्यावर मी आज पोट भरते, तर तुला माझी लाज वाटते? मी चोरी करते की भीक मागते? तुझ्या पाहुण्यांना पाणी स्वच्छ लागतं, ते स्वच्छ करणारी बहीण मात्र चालत नाही, हा कुठला न्याय?

पण खरा संताप मला माझाच येतो. मी काय केलं? "बरं, बाई" म्हटलं. तळ घासला, गाळणीच्या टोपलीत अडकलेली पानं काढली, पाणी तपासलं, आणि जाताना फाटक ओढून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून कडी हळू लावली. घरी आईने विचारलं, "आज कुठे होतं गं काम?" मी म्हटलं, "लांब होतं." तुझी अब्रू मी आईपाशीसुद्धा राखली. का राखली, ते माझं मलाच कळत नाही.

काल कंपनीचा फोन आला. "त्या घरच्या बाई तुमच्या कामावर खूश आहेत. दर आठवड्याला तुम्हालाच पाठवा म्हणाल्या." म्हणजे दर आठवड्याला तुला मी हवी आहे, ताई, पण टोपीखालची! धंदा नवा आहे, तुझ्या रस्त्यावर घरोघरी तलाव आहेत, तिथे एकदा पाय रोवला की माझं बस्तान बसेल, हे मला कळतं. तरी मी नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर रडले.

रविवारी तू आईला जेवायला बोलावलं आहेस. तुझ्या मैत्रिणीही येणार आहेत, असं तिने हौसेने सांगितलं. तिला मीच घेऊन येणार आहे, पुढच्या दाराने. त्या दोघी मला ओळखतील. "ही तीच ना?" म्हणून तुला विचारतील, आणि आई माझा हात धरून तिथेच उभी असेल. मी एक अक्षर बोलणार नाही. काय सांगायचं ते तू सांग.

कंपनीने न पाठवलेली,
तुझ्या पाठची सख्खी बहीण