'झालं' म्हटल्यानंतरचं हसू

१४ तारीख, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी इथे मजेत आहे. तू, बाबा, समोरचे टेलरकाका, सगळे मजेत असाल असं धरून चालतो. शाळेत पत्राचा मायना शिकवला तेव्हा मी बहुतेक खिडकीबाहेर बघत होतो, त्यामुळे मोठ्या बहिणीला काय लिहितात ते आठवत नाही. चूकभूल माफ कर. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

पत्ता बदललाय. बाबांना कळवला होता तो बुटांच्या दुकानाच्या माळ्यावरचा, ते सोडलं. मग चार महिने एका फेरीबोटीवर तिकिटं फाडली. मग एका शाळेत मुलांचे ओळखपत्राचे फोटो काढले, पण तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंना माझे केस पटले नाहीत. सध्या एका लॉंड्रीच्या वरच्या खोलीत राहतो. खालून दिवसभर वाफ येते, भिंतीला टेकलं की पाठ शेकून निघते. खुर्ची एकच आहे आणि तिचेही पाय माझ्यासारखेच, एका जागी ठरत नाहीत. हे लिहिताना दोनदा उठून आलो.

तर काम मिळालंय. इथले एक दातांचे डॉक्टर नवा दवाखाना थाटताहेत, रविवारी उद्घाटन आहे. जुना शेजारच्या गाळ्यात चालूच आहे. नव्या जागेत पेशंट बसतात त्या खोलीत बारा फ्रेम लावायच्या, बाराही हसणाऱ्या माणसांच्या. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे कोणी खुशीने येत नाही हो. समोर चार हसरे चेहरे दिसले तर जरा धीर येईल." मी म्हटलं, द्या इकडे. बाबांच्या स्टुडिओत रांगलेल्या माणसाला दुसरं येतं काय?

तुला आठवतं ना बाबांचं? माणूस स्टुलावर बसला, ओठ ताणून तयार झाला की त्याला तसंच बसू द्यायचं. ताणू दे किती ताणायचंय ते. मग कॅमेरा जरासा खाली करून म्हणायचं, "झालं!" की माणूस सुटतो. खांदे उतरतात, श्वास सुटतो, "अरे देवा, किती वेळ लावलात!" म्हणत खरा हसतो. फोटो तेव्हा काढायचा. मी पेट्रोलपंपावरच्या दोघींना तसं काढलं, बसच्या कंडक्टरला काढलं, खालच्या लॉंड्रीवाल्याला काढलं. तो इस्त्रीची चादर हातात धरून असा हसलाय की चादरही हसल्यासारखी दिसते.

सगळ्यात भारी हसले ते दवाखान्याच्या इमारतीचे वॉचमन. आजोबाच आहेत. तोंडात एकही दात नाही, पण हसले की कानांपर्यंत उजेड पडतो. मी फोटो घेऊन धावत डॉक्टरांकडे गेलो. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, हा दातांचा दवाखाना आहे! भिंतीवर बोळकं लावून लोकांना काय सांगू, माझ्याकडे आल्यावर असं होतं म्हणून?"

आत हत्यारं उकळत बसलेल्या नर्सबाई म्हणाल्या, "लावा की. निदान खरं तरी बोलल्यासारखं होईल."

आजोबा बाद झाले. मी त्यांचा फोटो त्यांनाच देऊन टाकला. त्यांनी तो केबिनमध्ये लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "डॉक्टरांनी नापास केलेला."

अकरा झाले. बाराव्याचं जरा वेगळं झालंय. ते तुला विचारायचं म्हणजे सांगायचं होतं, पण डाव्या बाजूची दाढ सकाळपासून ठणकतेय, डोकं चालत नाही. आता खालून लॉंड्रीवालाही हाका मारतोय, कोणाचे तरी शर्ट पोहोचवायचेत. उद्या लिहितो.


१७ तारीख, शुक्रवार, सकाळ

ताई,

मंगळवारचं पत्र टाकलंच नाही. परत वाचलं आणि लक्षात आलं, पानभर गप्पा मारल्यात आणि जे लिहायला बसलो होतो तिथेच दाढ आठवली. दाढ दुखत होती हे खरं आहे. पण पेन ठेवलं ते दाढेमुळे नाही. आता दोन्ही कागद एकाच पाकिटात घालतोय. आज पोस्टाच्या बाकावर बसून लिहितोय, म्हणजे उठून जायला दुसरी जागा नाही.

सोमवारी मी डॉक्टरांच्या टेबलावर फोटो पसरले. लखोटा उलटा केला तर त्यातून एक जास्तीचा पडला. तो मी मुद्दाम ठेवला नव्हता. दोन वर्षं तो लखोट्याच्या तळाशीच असतो, मी त्याच्यावर दुसरे ठेवत जातो, एवढंच.

तुझा होता. खरा. जो मी पुसला म्हणून तुला सांगितलं होतं तो.

डॉक्टरांनी उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "ही कोण?"

ताई, नेमके तुझेच शब्द.

मी म्हटलं, "बहीण."

ते खूष होऊन म्हणाले, "अहो, हा तर खासच! माझ्याकडून इंजेक्शन घेऊन बाहेर पडलेला प्रत्येक माणूस असाच हसतो. एक बाजू झोपलेली, एक जागी. पेशंटना बघून बरं वाटेल, की आपण एकटे नाही. हा मधोमध लावू." मग नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "दाढ काढली होती वाटतं? दोन तासांत उतरलं असेल."

आणि मी म्हटलं, "हो, उतरलं."

एवढं सोपं गेलं मला. न विचारता फोटो दिला तो दिला, वर तुझा चेहराही उतरवून टाकला, दोन तासांत. दुसऱ्यांदा.

पहिल्या वेळेचं मी कधी नीट बोललो नाही. त्या दिवशी तू विचारलंस, मी काहीतरी बडबडलो आणि चौथ्या दिवशी बॅग उचलली. आता लिहितो.

तू सकाळी उठलीस आणि चेहऱ्याची उजवी बाजू उठलीच नाही, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. स्टुडिओत तू सगळ्यांचे फोटो काढायचीस, पण स्वतः स्टुलावर बसायची नाहीस. हसू आलं की हात तोंडावर. मी म्हटलं, "नवा दिवा आणलाय, उजेड कसा पडतो बघायचाय. बस ना जरा."

तू म्हणालीस, "फोटो काढलास तर बघ हं."

"नाही काढत गं."

तेवढ्यात बाबा आरशासमोर गेले आणि तो गिऱ्हाइकांचा कंगवा, कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून आरशाला दोरीने बांधलेला, त्याची दोरी त्यांच्या बटणात अडकली. बाबा आपल्याच आरशाला बांधले गेले आणि म्हणाले, "अगं पोरी, मलाही न्यायचं नाही असं ठरलंय वाटतं." मी कॅमेरा खाली केला, म्हटलं, "झालं, पडला उजेड." तू हात खाली घेतलास आणि हसलीस. मी काढला.

आजवर काढलेल्यांत तो सगळ्यात चांगला फोटो आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याचंच तर आश्चर्य वाटतं. माहीत असून मी कॉम्प्युटरवर बसलो, तुझी चांगली बाजू कापली, उलटी केली आणि दुसरीकडे चिकटवली. ओठांजवळचे तीळ दोन झाले म्हणून एक पुसला, आणि घाईत खरा पुसला, खोटा ठेवला. फोटोतलं डावं आणि तुझं डावं यात गोंधळलो. मोठा करून शोकेसमध्ये लावला. तुझ्या वाढदिवसाला. वाटलं, भेट आहे.

तू पिशवी घेऊन बाजारातून येत होतीस. टेलरकाका दुकानातून ओरडले, "अगं, बरी झालीस की! बोलली नाहीस!" तू वळलीस. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातली टेप उगाच गुंडाळायला लागले. त्या टेपेचा आवाज होत नाही, पण मला अजून ऐकू येतो.

तू काचेपाशी उभी राहिलीस. "ही कोण?"

मी म्हटलं, "तूच! किती छान दिसतेस बघ ना."

"माझा तीळ डावीकडे आहे." मग म्हणालीस, "माझा फोटो कुठाय?"

मी म्हटलं, "तो पुसला. चांगला नव्हता आला."

पुसला हे खोटं होतं. चांगला नव्हता हे त्याहून मोठं खोटं होतं. तू आत जाऊन पिशवीतली भाजी निवडत बसलीस. रागावली असतीस तर मी घरीच राहिलो असतो.

आता कालचं. हे मी सुचलं म्हणून लिहीत नाहीये, घडलं म्हणून लिहितोय. दाढ सहन होईना, तर डॉक्टर म्हणाले, "या, बसा खुर्चीत, फोटोग्राफरचं तोंडही बघू." इंजेक्शन दिलं. डावा गाल, ओठ, हनुवटी, सगळं दुसऱ्या कोणाचं तरी झालं. मी खुर्चीचे हात घट्ट धरून, जबडा आवळून बसलो. डॉक्टर आत काहीतरी चाचपत होते. मग त्यांनी हात जरासा मागे घेतला आणि म्हणाले, "झालं!"

मी सुटलो. खांदे उतरले, श्वास सोडला, आणि त्याच क्षणी कडकन् आवाज झाला आणि त्यांनी दाढ उपटून ताटलीत टाकली.

"आता झालं," ते म्हणाले.

नर्सबाई म्हणाल्या, "सगळ्यांना असंच फसवतात हो, वीस वर्षं."

आणि मला हसू फुटलं. कापसाचा बोळा तोंडात असताना, पोटापासून, खांद्यांपासून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. बाबांची युक्ती माझ्यावरच! नर्सबाईंनी माझाच कॅमेरा उचलून फोटो काढला. मग मी चूळ भरायला वाकलो आणि समोर आरसा होता.

अर्धंच हसत होतो, ताई. डावी बाजू तशीच लटकलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. पण मला आतून पत्ताच नव्हता. आतून मी सगळा हसलो होतो, काही बाकी ठेवलं नव्हतं. अर्धं आलंय हे आरशाने सांगितलं. तुला ते मी सांगितलं, आणि तेही चारचौघांत, शोकेस लावून.

माझं दोन तासांत उतरलं. संध्याकाळी भाकरी चावताना ओठ चावला गेला, दुखला, म्हणजे परत माझा झाला. तुझं उतरलेलं नाही हे मला ठाऊक आहे. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही.

आज सकाळी दवाखान्यात गेलो आणि फ्रेम उतरवली. डॉक्टर म्हणाले, "अहो, परवा उद्घाटन!" मी त्यांना खरं सांगितलं, की इंजेक्शन नव्हतं, तिचा चेहराच तसा आहे, आणि मी तिला विचारलेलं नाही. त्यांनी फ्रेममधला फोटो काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मग विचारा की त्यांना. खिळा काही पळून जात नाही." नर्सबाईंनी रिकामी फ्रेम पुसून परत टांगली. नुसती काच आहे, समोर बसलेल्या माणसाचं तोंड त्यात दिसतं.

पाकिटात तुझा फोटो आहे, आणि ज्याच्यात तो होता ते मेमरी कार्डही. आता माझ्याकडे काही उरलेलं नाही, म्हणजे मनात आलं तरी मला लबाडी करता येणार नाही. भिंतीवर लाव म्हण, नको म्हण, किंवा काही न म्हणता फाडून टाक. तुझा आहे. तीळ डावीकडे आहे, तपासून घे.

रविवारनंतर इथलं काम संपतं. पुढे कुठे जायचं ते ठरवलेलं नाही. एरवी निघायच्या आधीच माझं पुढचं ठरलेलं असतं. या वेळी मुद्दाम ठेवलंय तसंच. बाबांना सांग, तो कंगवा अजून बांधलेलाच असेल तर दोरी जरा लांब करा.

पाकिटात दुसरा एक फोटो आहे, तो माझा, कालचा. नर्सबाईंचं बोट कोपऱ्यात आलंय, तिकडे दुर्लक्ष कर. तुझी उजवी बाजू झोपलेली आहे, माझी डावी. वाटलंच तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघ.

जोडू नकोस मात्र.

विचारून थांबलेला,
तुझा धाकटा