मागच्या सीटखालची तार

४ डिसें. १९७६, शनि., सांगली
वस्तुस्थिती आधी, आणि क्रमाने. एक : गाडीसाठीचा ॲम्प्लिफायर मी स्वतः बांधला, चार महिने लागले. त्याला सहा ओहमच्या खालचा भार सोसत नाही, जळतो. दोन : मागच्या काचेखालच्या फळीवर बसवायचा स्पीकर आठ ओहमचा म्हणून विकला गेला. छापील आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. तीन : प्रयोगशाळेतला ऑसिलेटर, अचूक रोधक आणि व्होल्टमीटर घेऊन वीस वारंवारतांना त्याचा इंपीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा रोध, मोजला. कोठेही ७.१ च्या खाली नाही. चार : उद्या तारा ओढायला हवालदार साळुंखे येईल.

साळुंखे कडेगावकडचा. सोळा वर्षे लष्करात, सिग्नल्समध्ये. कॉलेजात आमच्या विभागात दोन वर्षे हंगामी मेकॅनिक. जानेवारीपासून कायम होईल, माझा अहवाल अनुकूल असेल तर. म्हणून रविवारीही येतो.

५ डिसें., रवि.
आठला हजर. मागची सीट काढून तार सतरंजीखालून फळीपर्यंत नेली. काम नेटके, तसे त्याला सांगितले नाही.

मग स्वतःचा मीटर लावून म्हणतो, "पावणेसात दावतंय साहेब. आठ कुठं हाय ह्यात?" डी.सी. रोध आणि इंपीडन्स यांतला भेद समजावून सांगितला. समजला असे वाटत नाही. सुलभा चहा घेऊन आली होती, तिच्यादेखत विचारले, "हवालदार, सोळा वर्षांत सरकारनं तुम्हाला नुसती तारेची भेंडोळी उचलायला शिकवलं काय?" सुलभा हसली नाही. तोही नाही.

निघताना हट्ट : "मोजमाप ह्या टोकाला घ्या साहेब, ॲम्प्लिफायरच्या. सीट बसवून, वर माणूस बसवून. आमच्याकडं लाइन टाकली की वरनं ट्रक घालायचा आन् मग टेस्ट घ्यायची. तवर लाइन झाली म्हणायचं न्हाई."

म्हटले, "स्पीकर मोजलेला आहे. माझा आकडा कुणी बूड टेकल्यानं बदलत नाही." बाराला घालवून दिले.

सीट मीच बसवली. नवे रेक्झिन, त्याचे हात ग्रीसचे. डावी बाजू बसेना. गुडघ्याने दाबली, तेव्हा खट् आवाज होऊन बसली. संध्याकाळी एकटाच मिरजेपर्यंत जाऊन आलो. आवाज निर्दोष.

८ डिसें., बुध., सातारा
बैठकीसाठी प्राचार्यांना गाडीतून आणले. ते मागे बसतात. पुढे बसणे त्यांना कमीपणाचे वाटते. इस्लामपूर ओलांडले, रस्ता खराब, एक खड्डा — आवाज चिरकला, गेला. डॅशबोर्डखालून धूर. जळक्या वासाने प्राचार्य नाकाला रुमाल लावून : "हेच का हो तुमचं चार महिन्यांचं संशोधन?"

जेवताना त्यांनी साताऱ्याच्या लोकांना हे पुन्हा सांगितले, धुराच्या हातवाऱ्यांसह. मी एवढेच म्हणालो, तारा हवालदाराने टाकल्या होत्या. आता ते त्याला हसू लागले. जेवण बरे होते.

१० डिसें., शुक्र., सांगली
दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर साळुंख्याला उभे केले. जळालेला ट्रान्झिस्टर त्याच्या तळहातावर ठेवला. "मुलांना सांगा, हे कुणाचं कर्तृत्व?"

"तार उघडून बघितली का साहेब?"

"प्रेत बघितल्यावर खुनी शोधायला मला तार उघडावी लागत नाही."

मुले खूप हसली. त्याने ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवला, तारांचे पाय खाली करून, सरळ उभा. म्हणाला, "व्हय साहेब," आणि गेला.

दुपारी अहवाल दिला. कामात निष्काळजी. मोजमापाचे ज्ञान नाही. कायम करण्यास अयोग्य. तीन वाक्ये, चौथ्याची गरज नव्हती. ३१ ला त्याची मुदत संपते.

१९ डिसें., रवि.
ॲम्प्लिफायर दुरुस्त. जोडण्यापूर्वी स्पीकर पुन्हा मोजला : ७.१. मग, का ते ठाऊक नाही, मोजणी ॲम्प्लिफायरच्या टोकाला घेतली. ७.२. अर्थात.

सुलभा अंगणात होती. तिला मागे, डावीकडे बसायला सांगितले.

शून्य.

उठायला सांगितले. ७.२. बस. शून्य. सात वेळा. शेवटी ती म्हणाली, "अहो, माझी काय परीक्षा चाललीय?"

सीट काढली. तळच्या स्प्रिंगचे टोक तुटून तारेच्या आवरणात रुतले होते. माणूस बसला की तार गाडीच्या पत्र्याला टेकते. बरोबर जिथे माझा गुडघा

सुलभा वाकून बघत होती. "सीट तुम्हीच बसवली होतीत ना?"

"चहा ठेव."

तारेला पट्टी गुंडाळली. अहवालाची प्रत काढून वाचली. सीटचा उल्लेख कोठेच नाही. त्या अर्थाने असत्य असे काही नाही. मधले वाक्य तेवढे

२१ डिसें., मंगळ.
प्राचार्य जिन्यात भेटले. "काय, पुन्हा धूर?" म्हणालो, दोष सापडला. "हवालदाराचाच ना?" मागे दोघे सहकारी होते. मी मान हलवली. कोणत्या दिशेने, ते त्यांनी ठरवावे.

साळुंख्याची मुलगी मॅट्रिकला आहे, असे सुलभा जेवताना म्हणाली. मी विचारले नव्हते.

२३ डिसें., गुरु.
शिपाई पाकीट घेऊन आला. पोचेची सही घेतल्याशिवाय हलेना; तसे सांगून पाठवले होते म्हणे. रेघी कागद, कडक अक्षर. खाली : 'प्रत मा. प्राचार्यांस.' तिसऱ्यांदा वाचतो आहे. सुलभा दारात उभी आहे, आत येत नाही. जसेच्या तसे उतरवतो.

'१. ता. ५ रोजी मी तार टाकली तेव्हा सीट बाहेर होती.
२. मी बारा वाजता गेलो तेव्हा सीट बाहेरच होती.
३. सीट कोणी बसवली?
४. बसवल्यावर ॲम्प्लिफायरच्या टोकाला टेस्ट कोणी घेतली? आकडा काय आला?
तोंडी नको. वर्गात नको. ता. ३१ च्या आत उत्तर लेखी द्यावे.'